गंजाखालची जीप



सध्या पोस्टिंग वरच्या आसामात आहे. इथे पाऊस आला की मुक्कामालाच येतो. बूट दोन दिवस न वापरता ठेवले तर त्यांच्यावर बुरशी चढते आणि लोखंडाचं तर विचारूच नका. अशा हवेत एका चहाच्या मळ्याच्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभी असलेली दुसऱ्या महायुद्धातली जीप मी विकत घेतली आणि क्वार्टरमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवली. गेला सव्वा वर्षाचा प्रत्येक मोकळा रविवार तिच्या पत्र्यात गेला. मी ईएमईचा माणूस, त्यामुळे इंजिनाची भीती नव्हती. खरी लढाई बॉडीची होती.

आधी या गाडीचं कूळ सांगतो. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराने हलक्या, चारही चाकं ओढणाऱ्या गाडीसाठी कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले. बँटम या छोट्या कंपनीने ४९ दिवसांत पहिला नमुना बनवून सप्टेंबर १९४० मध्ये हजर केला. पण लष्कराला गाड्या हव्या होत्या लाखांनी. मोठं काम विलीजला मिळालं आणि विलीजच्याच आराखड्यावर फोर्डनेही जीप बनवायला घेतली. युद्ध संपेपर्यंत दोघांच्या मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीप तयार झाल्या. विलीजच्या मॉडेलचं नाव एमबी, फोर्डच्या मॉडेलचं जीपीडब्ल्यू.

आसामात त्या आल्या रस्त्यासाठी आणि लढाईसाठी. डिसेंबर १९४२ मध्ये लेडोहून ब्रह्मदेशाकडे रस्ता खोदायला सुरुवात झाली. १२ जानेवारी १९४५ ला लेडोहून निघालेला पहिला ताफा ४ फेब्रुवारीला चीनमधल्या कुनमिंगला पोचला. दरम्यान १९४४ मध्ये इंफाळ आणि कोहिमाची लढाई झाली. आपल्या वाचकांना ठाऊक असेलच की त्या मार्चमध्ये सांगशाकला ५० पॅराशूट ब्रिगेडबरोबर ४/५ मराठा लाइट इन्फन्ट्री लढली होती. युद्ध संपलं, फौजा परतल्या, गाड्या मागे राहिल्या. कुणी मळ्यात गेली, कुणी ठेकेदाराकडे, कुणी जंगलात.

आता गंजाकडे येऊ. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज होतो. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून रंग फुगतो आणि दोन पत्र्यांमधला जोड उसवतो. वरून दिसतो तेवढाच गंज, असं कधीही समजू नका. फोड दिसला की खालचा पत्रा बहुधा गेलेलाच असतो. जुना स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीने पत्र्यावर ठोकत जायचं. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. डोळ्यांआधी कानाला कळतं.

या जीपच्या बॉडीत गंजाची ठरलेली ठिकाणं आहेत. तळाच्या पत्र्याखाली मजबुतीसाठी टोपीच्या आकाराच्या पट्ट्या जोडलेल्या असतात आणि त्यांच्या पोकळीत लाकडाचे ठोकळे बसवलेले असतात. लाकूड पाणी पितं आणि सोडत नाही, त्यामुळे पट्टी आतून कुजते. दुसरी जागा ड्रायव्हरच्या सीटखाली, जिथे पेट्रोलची टाकी एका खोलगट भागात बसते. त्या खळग्याचं पाणी जायचं भोक चिखलाने बुजलं की तिथे डबकं साठतं. तिसरी जागा मागच्या चाकांवरच्या हत्यारपेट्यांचा तळ. ज्यांनी ही गाडी आखली त्यांना ती लढाईपुरती टिकायला हवी होती. ऐंशी वर्षांनी कुणी तिच्यासमोर मांडी घालून बसेल, हा विचार त्यांच्या आराखड्यात नव्हता.

काम सुरू करताना पहिल्यांदा बॅटरी आणि पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवली. रिकाम्या टाकीतही वाफ असते आणि ठिणगीला तेवढी पुरते. मग बॉडी चेसिसवरून उचलली. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासायचं नाही. पाणी लावून पॉलिश पेपर मारायचा आणि तोंडावर चांगला मास्क लावायचा.

रंग उतरताना गाडी बोलायला लागली. सगळ्यात वर मळ्याचा चकचकीत हिरवा रंग. त्याखाली राखाडी. त्याखाली फौजी ऑलिव्ह. बॉनेटवर त्या ऑलिव्हमध्ये पांढऱ्या ताऱ्याच्या दोन कडा उमटल्या. चेसिसचा पुढचा आडवा दांडा पाहिला तर तो उलट्या यू आकाराचा निघाला. म्हणजे चेसिस फोर्डची, कारण विलीजचा तो दांडा गोल नळीचा असतो. काही बोल्टांच्या डोक्यावर फोर्डचं एफ अक्षर सापडलं. पण बाकीचे बरेच भाग विलीजचे होते.

शेजारच्या गॅरेजमधले बॉडीमिस्त्री हे पाहून म्हणाले, "साहब, ये तो खिचडी है." मी म्हटलं, दादा, ही खिचडी वर्कशॉपची आहे. दोन्ही कंपन्यांचे भाग एकमेकांना बसावेत अशीच ती जीप बनवली होती. वर्कशॉपमध्ये एका मोडक्या गाडीचे भाग दुसरीला लावायचे आणि संध्याकाळपर्यंत एक तरी चालती करायची, हेच तर आमच्या कोअरचं काम. १५ ऑक्टोबर १९४३ ला ही कोअर उभी राहिली ती याच युद्धाच्या गरजेतून. मिसळलेले भाग हा त्या गाडीच्या सेवेचा दाखला आहे. तो पुसून तिला 'शुद्ध' करण्यात काय अर्थ?

मिस्त्रींचा सल्ला मात्र सरळ होता. ही बॉडी भंगारात द्या, नवी तयार बॉडी आणा, महिनाभरात गाडी रस्त्यावर. पैशाच्या हिशेबात ते बरोबरच होते. पण जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. त्यांतली अट अशी की गाडी मूळ रूपात असावी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. मला ही अट पटते. बॉडी गेली की तारा गेला, रंगाचे थर गेले, जुन्या वेल्डिंगच्या खुणा गेल्या. मग उरतं ते जीपचं सोंग.

म्हणून ठिगळाचा रस्ता धरला. पद्धत सांगतो, कुणाच्या तरी कामी येईल.

वरवरचा गंज वायर ब्रशने काढून त्यावर फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावलं. ते गंजाचं लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करतं आणि तो थर पत्र्याला धरून बसतो. दिल्लीला पोस्टिंग झालेल्यांनी कुतुबजवळचा गुप्तकाळातला लोहस्तंभ पाहिलाच असेल. सोळाशे वर्षं तो उघड्यावर उभा आहे. आयआयटी कानपूरच्या बालसुब्रमण्यम यांनी अभ्यास करून दाखवलं की त्याच्या लोखंडातल्या जास्त फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा संरक्षक थर तयार झाला आहे. आपल्या बाटलीतलं द्रावण त्याच वाटेने जातं, फक्त घाईने. आपल्या हिरड्यातलं टॅनिनही लोखंडाशी मिळून काळा, घट्ट थर करतं. जुनी काळी शाई अशीच बनायची आणि गंजावर लावायच्या काही औषधांत आजही टॅनिक आम्ल असतं.

जिथे भोकं होती तिथे औषध चालत नाही. तिथे पत्रा कापायचा, तोही खणखणीत भाग लागेपर्यंत. पुठ्ठ्याचा नमुना कापून त्यावरून नवा तुकडा बनवायचा, जाडी मूळ पत्र्याएवढीच. तुकडा कडेला कड लावून बसवायचा. एकावर एक चढवला तर मधल्या फटीत पुन्हा पाणी शिरतं. वेल्डिंग सलग ओढायचं नाही. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मधे थंड होऊ द्यायचं, नाहीतर उष्णतेने पत्रा लाटेसारखा वाकतो. मग ग्राइंडर, मग प्रायमर. पूर्वी प्रायमरला शेंदूर वापरत, म्हणजे मारुतीला लावतो तोच, शिशाचा. तो गंज चांगला रोखतो, पण विषारी आहे. आता त्याची गरज नाही. जोडांवर सीलर, पोकळ पट्ट्यांत मेण आणि पाणी जायची सगळी भोकं मोकळी.

मुद्दाम एक पथ्य पाळलं. भोकावर लांबी भरायची नाही. लांबी ही खरवड बुजवायला असते. भोकावर ती थापली तर वरून गुळगुळीत दिसतं आणि आत गंज चालूच राहतो.

गाडीच्या गोष्टीलाही मी हेच पथ्य लावलं. जीप पाहायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "कोहिमाला होती का ही?" तारा आहे, प्रदेश तोच आहे, हो म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण पुरावा चेसिसचा, रंगाचा आणि एफ अक्षराचा आहे, कोहिमाचा नाही. जिथे पुरावा नाही तिथे शौर्यकथा थापणं म्हणजे भोकावर लांबी भरणंच. ज्यांनी तिथे खरोखर रक्त सांडलं, त्यांच्या शेजारी उसनी कथा उभी करायचा हक्क मला नाही.

बॉनेटवरच्या ताऱ्याच्या त्या दोन कडा मी तशाच ठेवल्या आहेत, वर फक्त पारदर्शक थर दिला. उरलेला तारा रंगवून पुरा करा, असं बरेच जण सुचवतात. तो पुरा करणार नाही. तळाला घातलेली सतरा ठिगळं आतून दिसतात, तीही दिसू देत. ऐंशी वर्षांत जे झालं ते झालं आणि मी जे केलं तेही पुढच्या मालकाला वाचता आलं पाहिजे.

तुमच्यापैकी कुणाच्या गावी अशी जुनी जीप उभी असेल तर पावसाळ्याआधी एवढंच करा. तिच्या तळाची भोकं तारेने मोकळी करा आणि तिला जमिनीवरून विटांवर उचलून ठेवा. बाकीचं सावकाश करता येईल.

जय हिंद.