संगीतोपचारकाचं नाव कोणत्या वहीत?

मंडळी, बाहेर टेम्पोचे हॉर्न, गाळ्यांवर लिलावाचा पुकारा, आणि आपण बोलणार संगीतोपचारावर. मार्केट यार्डातच हा विषय का, ते ओघात येईल.

स्वमग्न आणि गतिमंद मुलांसोबत संगीताचं जे काम आज जगात चालतं, त्याची एक मोठी सुरुवात १९५९ साली इंग्लंडमधल्या सनफिल्ड या निवासी संस्थेत झाली. पॉल नॉर्डॉफ हे अमेरिकन संगीतकार, क्लाइव्ह रॉबिन्स तिथले शिक्षक. मूल रडलं, किंचाळलं, तर नॉर्डॉफ त्याला गप्प करत नसत. त्याच्याच स्वराला धरून पियानोवर उत्तर देत. रडण्याला उत्तर मिळतं हे मुलाला कळलं, की रडण्याचंच हळूहळू गाणं होऊ लागे.

आपल्याकडे मात्र संगीतोपचार म्हटलं की अमुक रोगावर तमुक राग, अशी यादीच पुढे येते. या मुलांसाठी ती फारशी कामाची नाही, असं आमचं मत आहे. इथे मूल श्रोता नाहीच, वादक आहे! त्याच्यापुढे डफ ठेवायचा, आपण केरवा धरायचा आणि समेच्या आधी हात थांबवायचा. सम मुलाने द्यायची. वाट बघणं, आपली पाळी ओळखणं, समोरच्याकडे पाहणं, सगळं त्या एका थापेत येतं. कधीकधी त्या थापेला महिने लागतात.

मग हे करणारा माणूस कोण? अमेरिकेत मिशिगनमध्ये १९४४ सालीच याचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. आपल्याकडे १९९२च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यात विशेष शिक्षक आहेत, वाचा-श्रवणतज्ज्ञ आहेत, श्रवणयंत्रांचे तंत्रज्ञसुद्धा आहेत. संगीतोपचारक नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं शिकलेला माणूस शाळेत ‘गाण्याचे सर’ राहतो, आणि आठ दिवसांचं शिबिर केलेलाही दारावर तीच पाटी लावू शकतो. पालकांनी ओळखायचं कसं? म्हणून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना आम्ही सांगतो, आधी विशेष शिक्षणाची पदविका घ्या, नोंदणी क्रमांक मिळवा, मग संगीत. वळसा आहे, पण मुलं समजायला तो उपयोगीच पडतो.

आता मार्केट यार्ड. पोती वाहणारा हमालही एके काळी कुणाचाच कामगार नव्हता. मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात बाबा आढाव यांनी संघटना बांधल्या, १९६९ साली माथाडी कायदा झाला, आणि हमालाचं नाव मंडळाच्या वहीत चढलं. संगीतोपचारकांना हा रस्ता कितपत लागू पडतो, यावर प्रश्नोत्तरांत बोलू.