सॉकेटमागची वायर आणि एक बाई

मैत्रिणींनो, घराचे वायरिंग ठरते तेव्हा आपल्याला बहुधा बटणांचा रंग तेवढा विचारतात. वायर किती जाड, किती लांब, हे परस्पर ठरते. अशा वेळी मला कॅरोलिन हॅस्लेट आठवतात.

दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४२ साली, ब्रिटनमध्ये युद्धानंतरच्या घरांच्या वायरिंगचा विचार करायला समिती बसली. तांब्याची टंचाई होती आणि घरात सॉकेट तर जास्त हवे होते. उपाय निघाला 'रिंग'चा. वायर फ्यूजपासून निघते, सगळ्या सॉकेटांतून फिरते आणि त्याच फ्यूजकडे परत येते. प्रवाहाला दोन वाटा मिळतात, म्हणून तुलनेने बारीक वायरवर ३० अँपिअरचा फ्यूज चालला. तांबे वाचले.

समितीत हॅस्लेट या एकट्या स्त्री. लहान मुलांना धोका नको, हा आग्रह त्यांनी धरला. १९४७ च्या ब्रिटिश मानकात सॉकेटच्या आत झडप आली. प्लगची लांब अर्थ-पिन आधी आत जाते, तेव्हाच ती उघडते.

आपल्याकडे सहसा रिंग नसते. वाट एकच, सगळा भार तीच वायर सोसते. लांबी वाढली की व्होल्टेजही उतरते. म्हणून गिझरला मेन बोर्डापासून स्वतंत्र, जाड वायर मागा. अंतर जास्त असेल तर आणखी जाड. सॉकेट झडपेचेच घ्या. बटणांचा रंग त्यानंतर ठरवू.