नगारा, नगारची आणि नंगारा

पोहरादेवीत, म्हणजे बंजारा समाजाच्या काशीत, 5 ऑक्टोबर 2024 रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इमारतीचा आकार नंगाऱ्याचा, नावही ‘नंगारा’. बंजाऱ्यांचे संत सेवालाल महाराज यांच्या समाधीच्या या गावात भजन असो की होळीची लेंगी गाणी, नंगारा आणि काशाची थाळी हवीच. तांड्याच्या इतक्या जिव्हाळ्याच्या या वाद्याचं नाव मात्र अरबस्तानातून आलेलं आहे.

अरबीत ‘नक्र’ म्हणजे ठोकणं, आघात करणं, त्यावरून ‘नक्कारा’. अरबांकडून तो फारसीत गेला आणि फारसी बोलणाऱ्या दरबारांबरोबर हिंदुस्थानात उतरला. अकबराच्या नक्कारखान्यात नक्काऱ्यांच्या सुमारे वीस जोड्या होत्या, असं अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवतो. हाच शब्द क्रुसेडच्या काळात युरोपातही शिरला. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या इंग्रजीत तो ‘नेकर’ म्हणून भेटतो.

आपल्याकडे ‘क्क’ सुटला आणि ‘क’चा ‘ग’ झाला. हिंदीत नगाडा, मराठीत नगारा, बंजाऱ्यांच्या गोरबोलीत नंगारा. नगारखान्यातला ‘खाना’ फारसी. नगारा वाजवणारा तो नगारची. यातला ‘ची’ तुर्की, मशालची आणि खजांचीतला तोच. म्हणजे धातू अरबी, वाट फारसी, शेपूट तुर्की आणि माणूस आपल्या गावचा! नगाऱ्यावर टिपरी पडली की फौज ज्यासाठी उठायची तो ‘कूच’ही मुळात तुर्कीच. तुर्कीत ‘गोच’ म्हणजे आजही स्थलांतर.

हे शब्द दरबाराच्या पायऱ्यांवरूनच खाली आले असं मानायची सवय आहे. मला ते पटत नाही. मुघलांच्या आणि दख्खनच्या फौजांना धान्य पुरवायचे ते बंजारे. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून त्यांची लदेणी छावणीमागून चाले. सेवालाल महाराजांचं घराणंही लदेणीचंच. खुद्द ‘उर्दू’ हा शब्द तुर्की ‘ओर्दू’, म्हणजे छावणी, यावरून आलेला. त्या छावणीच्या बाजारात धान्य मोजणाऱ्याच्या कानावर नगारा रोज पडत असणार. तो शब्द शिकायला मुन्शी कशाला लागतो?

शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा तो मोठा आणि आवश्यक खटाटोप होता. तरी रायगडावरच्या एका भव्य दरवाजाला आपण नगारखानाच म्हणतो आणि ‘नगारखान्यात टिमकी’ ही म्हणही वापरतो. रुळलेला शब्द हुकमाने हलत नाही.

म्हणून रामनवमीच्या यात्रेला पोहरादेवीला गेलात, तर ‘नंगारा नव्हे, नगारा’ अशी कुणाची भाषा सुधारायला जाऊ नका. आपला नगारा तरी कुठे मूळचा शुद्ध आहे?