सहा सझ्यांचा सर्कल

वारसाची नोंद घालायला माणूस तलाठ्याकडे जातो, पण नोंद पक्की होते ती सर्कलच्या, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याच्या, सहीने. मृत्यूचा दाखला आहे का, सगळ्या वारसांना नोटिसा पोचल्या का, पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली का, हे पाहूनच मंडळ अधिकारी गाव नमुना ६ मधला फेरफार प्रमाणित करतो. अशा किती तलाठ्यांचं काम एकाने तपासायचं, हा प्रश्न महसुली कारभाराइतकाच जुना आहे.

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त पाच किंवा दहा गावांवर एक गोप नेमलेला आहे. जनपदाच्या चौथाईवर ‘स्थानिक’ नावाचा अधिकारी आणि सर्वांवर समाहर्ता. म्हणजे समाहर्त्यासमोर स्थानिक चारच.

मराठी मुलखात गावाचं दप्तर कुलकर्ण्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या राहिलं. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतनं गेली आणि दप्तर पगारी तलाठ्याच्या हाती आलं. पगारी माणूस म्हटला की बदली आली, रजा आली, दप्तर तपासणी आली. वरच्याचं काम वाढलं. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने गावांचे सझे, म्हणजे एकेका तलाठ्याची हद्द, आणि सझ्यांची मंडळं आखण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला दिला.

हाताखालचा एक माणूस वाढला तर साहेबाचं काम किती वाढतं? व्यवस्थापनतज्ज्ञ व्ही. ए. ग्रेक्युनास यांनी १९३३ मध्ये त्याचं गणित मांडलं. साहेबाचा प्रत्येकाशी येणारा संबंध, त्या माणसांचे आपसातले आणि गटागटाचे संबंध धरले, तर पाच जणांचे १०० होतात. सहावा आला की २२२.

अतिवृष्टीच्या दिवशी हे डोळ्यांना दिसतं. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला की सगळे तलाठी एकदम पंचनाम्याला निघतात. कुठे ओढ्याने बांध नेलेला, कुठे उभं सोयाबीन पाण्यात. प्रत्येकाची अडचण वेगळी आणि फोन एकाच सर्कलला.

राज्याने ३,११० नवे सझे आणि ५१८ नवी मंडळं मंजूर केली, म्हणजे एका मंडळामागे सहा सझे. मात्र पद रिकामं राहिलं की शेजारच्या तलाठ्याकडे अतिरिक्त कार्यभार येतो. तेव्हा सर्कलच्या हाताखाली माणसं पाचच उरतात, पण फेरफार सहाही सझ्यांचे येत राहतात. २०२३ मध्ये ४,६४४ तलाठी पदांची भरती निघाली ती हीच रिकामी दप्तरं भरायला.