दहा पौंडांची दलदल

इंग्लंडातील केंब्रिज शहराच्या ईशान्येस विकेन नावाचे खेडे आहे. त्याच्या शिवेलगतच्या दलदलीतील दोन एकरांचा चिंचोळा पट्टा १८९९ साली दहा पौंडांना विकला गेला, आणि खरेदीखतात घेणार म्हणून ज्या नॅशनल ट्रस्टचे नाव लागले, त्या संस्थेस स्थापन होऊन तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती. जी नांगरता येत नाही, जिच्यावर घर उभे राहत नाही, अशी जमीन केवळ तेथील कीटकांसाठी व पाखरांसाठी विकत घेऊन ठेवावयाची, ही कल्पना त्या काळच्या व्यवहारी माणसास खुळचटच वाटली असली पाहिजे.

तथापि ही दलदल शिल्लक राहिली हेच मुळात नवल. सतराव्या शतकात कॉर्नेलियस व्हर्मायडेन ह्या डच अभियंत्याने पूर्व इंग्लंडच्या पाणथळ मुलखात कालवे खणून पाणी काढून देण्यास आरंभ केला. भांडवल घालणाऱ्यांस मोबदल्यादाखल उघडी पडलेली जमीन मिळे, आणि पुढील दोन-अडीच शतकांत तो बहुतेक सारा मुलूख नांगराखाली आला. विकेनचा तुकडा वाचला तो बऱ्याच अंशी गावकऱ्यांच्या गरजेमुळे: तेथील धारदार पात्यांचे लव्हाळे घरांच्या छपरांवर चढे, आणि पीट म्हणतात ती तळची काळी माती विटांसारखी कापून, वाळवून चुलीत जळे.

गावकऱ्यांमागून ह्या चिखलाचे मोल जाणले ते कीटकसंग्राहकांनी. चार्ल्स डार्विन केंब्रिजला विद्यार्थी असताना ह्या मुलखातून देवनळ वाहून आणणाऱ्या पडावांच्या तळाशी साचलेला केरकचरा गोळा करी, आणि त्यातून दुर्मिळ भुंगेरे वेचून काढी. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत रात्री कंदील लावून पतंग पकडणाऱ्यांची विकेनला रीघ लागली. त्याच पंथातला चार्ल्स रॉथशिल्ड हा प्रसिद्ध पेढीवाल्या घराण्यातील गृहस्थ. त्याने १९०१ मध्ये ट्रस्टला येथील जमीन देऊन टाकली. (मुंबईत प्लेगचे थैमान पसरविणाऱ्या उंदरांवरील पिसवेचे शास्त्रीय वर्णन व नामकरण १९०३ मध्ये ह्यानेच केले, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.) १९११ मध्ये जॉर्ज व्हेराल ह्या माश्यांच्या अभ्यासकाच्या मृत्युपत्रान्वये आणखी दोनशेंहून अधिक एकर ट्रस्टकडे आले.

ह्या दानांना कायमपणा आला तो रॉबर्ट हंटर ह्या कायदेपंडिताच्या दूरदृष्टीने. पार्लमेंटच्या १९०७ च्या कायद्याने ट्रस्टला आपली मिळकत अविक्रेय ठरविण्याची मुभा मिळाली. एकदा तसे ठरले की, आपल्याकडे देवस्थान-इनामाची जमीन जशी पुजाऱ्यास विकता येत नसे, तशी ती प्रत्यक्ष विश्वस्तांनाही विकता येईना.

कागद भक्कम झाला. दलदल मात्र त्या कागदाला जुमानीना. लव्हाळ्याची मागणी घटली, तशी कापणी मागे पडली, आणि मोकळ्या पाणथळीवर झुडुपांनी हातपाय पसरले. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ हॅरी गॉडविन ह्यांनी १९२० नंतरच्या दशकात तेथे लहान लहान चौकोन आखून काही दरसाल, काही दोन, तीन वा चार वर्षांनी कापावयाचे आणि काही मुळीच कापावयाचे नाहीत, असा क्रम लावला. दरसाल कापलेल्या ठिकाणी लव्हाळे हटून गवत माजले, न कापलेल्या ठिकाणी झुडुपांचे रान झाले, आणि चार वर्षांनी कापलेल्या ठिकाणी लव्हाळे टिकले. जिला सर्वजण अस्पर्श निसर्ग समजत होते, ती वस्तुतः अडाणी म्हणून गणल्या गेलेल्या गावकऱ्यांच्या पिढीजात वहिवाटीने घडलेली भूमी होती. ट्रस्टने जमीन विकत घेतली, पण ती राखणारा विळा खरेदीखतात उतरला नव्हता. स्वॅलोटेल नावाच्या देखण्या फुलपाखराच्या अळ्या ज्या मिल्क-पार्स्लेवर जगत, ती वनस्पतीही झुडुपांच्या सावलीत मागे हटली, आणि शतकाच्या मध्यास ते फुलपाखरू विकेनहून नाहीसे झाले.

कायद्याची मर्यादाही लवकरच दिसली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या सुमारास, लगतचा अॅडव्हेंचरर्स फेन हा ट्रस्टच्याच मालकीचा पाणथळ भाग सरकारने धान्योत्पादनासाठी कोरडा करवून नांगराखाली आणला. अविक्रेय मिळकतही युद्धकाळी सरकारास ताब्यात घेता येते. त्याच भागात पूर्वी पाणी उपसण्यासाठी बांधलेली एक लाकडी पवनचक्की होती. १९५६ साली ती हलवून जुन्या दलदलीच्या काठी उभारण्यात आली. भोवतालच्या शेतांतील पीट वाळून, आकसून जमीन इतकी खचली होती की दलदलच आता उंचावर राहून तिचे पाणी झिरपून जाऊ लागले होते. म्हणून तीच चक्की आता पाणी दलदलीत भरू लागली.