हाली रुपया ते नायरा : वाळूजच्या गप्पांचा इतिहास

चार माणसे एकत्र बसली की आधी एकमेकांची टर उडवतात आणि मग जगाचा कारभार हाती घेतात. अशा गप्पांना आपण 'चकाट्या' म्हणतो. रिकामटेकड्यांचा उद्योग, हा त्यामागचा भाव. वाळूजपुरते तरी हे मत तपासून पाहावे असे मला वाटते.

औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) ते नगर या रस्त्यावरचे, गंगापूर तालुक्यातले हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. याच रस्त्याने पुढे कायगाव-टोक्यापाशी गोदावरी ओलांडली की इंग्रजी मुलूख लागे. नदीअलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार रुपया. सात हालीला सहा कलदार, असा ढोबळ भाव. माल विकायला किंवा सोयरीक जुळवायला नदीपार जाणाऱ्याला हा हिशेब तोंडपाठ असणे भागच होते. दोन राज्यांचे संबंध त्याच्या कनवटीला बांधलेले होते.

राजकारणावर उघड बोलणे मात्र सोपे नव्हते. 'गश्ती निशाण ५३' या हुकुमाने जाहीर सभांना सरकारी परवानगीची अट घातली होती. १९३७ साली आ. कृ. वाघमारे यांनी सुरू केलेल्या 'मराठवाडा' साप्ताहिकावर बंदी आली, तेव्हा तेच पत्र निरनिराळ्या नावांनी निघत राहिले. अशा राज्यात पारावरच्या गप्पांना वेगळे मोल येते. सभेला परवाना लागे, थट्टेला लागत नसे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाने शरणागती पत्करली आणि पुढच्या दशकात हाली रुपयाही व्यवहारातून गेला.

परकीय चलन वाळूजला परतले ते निराळ्या वाटेने. नोव्हेंबर १९८५ मध्ये येथे बजाज ऑटोच्या कारखान्यात उत्पादन सुरू झाले. त्याला सुटे भाग पुरवणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले आणि बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर या वस्त्या फुगल्या. पाराची जागा पाळी सुटतानाच्या चहाच्या टपरीने घेतली. बीडचा परभणीकराला चिडवतो, दोघे मिळून खानदेशीच्या बोलीची नक्कल करतात आणि पहिला कप संपेपर्यंत गाडी नायजेरियावर येते!

नवख्याला याचे हसू येईल. पण आफ्रिकेत दुचाकी टॅक्सी म्हणून धावणारी 'बॉक्सर' इथून जाते आणि नायजेरिया ही तिची मोठी बाजारपेठ. तेलाचे भाव कोसळल्यावर जून २०१६ मध्ये नायजेरियाने नायराचा डॉलरशी बांधलेला दर सोडला. नायरा घसरला, तिथल्या गिऱ्हाइकाला गाडी महाग झाली. २०२० मध्ये श्रीलंकेने वाहनांची आयात थांबवली. २०२१ मध्ये इजिप्तने तीनचाकीच्या सुट्या भागांच्या आयातीवर बंदी घातली. अशी मागणी आटली की सुटे भाग करणाऱ्या छोट्या कारखान्यात आधी ओव्हरटाइम जातो, मग कंत्राटी माणसाची पाळी. "काय दादा, लागोस काय म्हणतंय?" ही टपरीवर ऐकलेली चौकशी वरवर थट्टेची, तिच्यात पुढच्या महिन्याच्या पगाराची धास्ती असते.

या दोन काळांत एक फरक मात्र आहे. हाली-कलदारचा भाव कळला की माल कुठल्या बाजारी न्यावा हे शेतकऱ्याला ठरवता येई. नायरा पडल्याचे कळून कंत्राटी कामगाराच्या हाती काय उरते? कर्ज काढून गाडी घेणे पुढे ढकलावे, गावाकडच्या घराचा स्लॅब पुढच्या उन्हाळ्यावर टाकावा, एवढेच. जुने हुकूम आणि विनिमयाचे दर दफ्तरांत सापडतात. घराघरांत असे पुढे ढकललेले बेत कुठल्याच दफ्तरात चढत नाहीत. ते या गप्पांतच सापडतात. वाळूजचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने म्हणून चकाट्यांना नाक मुरडू नये. अर्धा तास टपरीवर बसावे.