स्वीकृत नगरसेवक: सभागृहात खुर्ची असते, मग मत का नसतं?

नगरपरिषदेचा निकाल लागतो, गुलाल उधळून होतो आणि लगेच दुसरी चर्चा सुरू होते, 'स्वीकृत कोण होणार?' अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीसारख्या तालुक्याच्या गावात ही चर्चा चहाच्या टपरीपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत रंगते. नाव ठरलं की अभिनंदनाचे बॅनर लागतात. पण ज्याच्या फोटोचा बॅनर लागतो, त्याला सभागृहात एकाही ठरावावर मत देता येत नाही. मग या खुर्चीसाठी एवढी चुरस का असते?

स्वीकृत सदस्य म्हणजे नेमकं कोण?

बोलीभाषेत 'स्वीकृत', कायद्याच्या भाषेत 'नामनिर्देशित'. हा सदस्य लोकांच्या मतांवर निवडून येत नाही, त्याची नेमणूक होते.

याचं मूळ राज्यघटनेत आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यातल्या कलम २४३-आर नुसार नगरपालिकेच्या कारभाराचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या व्यक्तींना सभागृहात घेता येतं. मात्र त्याच कलमात एक अटही आहे. अशा व्यक्तींना सभेत मतदानाचा हक्क नसेल.

विचार साधा होता. नळयोजना, सांडपाणी, हिशेब ही कामं जाणणारा माणूस निवडणूक लढवेलच असं नाही, लढवली तर जिंकेलच असंही नाही. त्याचं ज्ञान गावाला मिळावं, पण निर्णय मात्र लोकांनी निवडून दिलेल्यांनीच घ्यावा.

किती जण नेमता येतात?

महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा १९६५ च्या कायद्यावर चालतात. त्यानुसार निवडून आलेल्या सदस्यांच्या १० टक्के किंवा ५, यातला जो आकडा कमी असेल तितकेच स्वीकृत सदस्य घेता येतात. समजा सभागृहात २० सदस्य निवडून आले, तर स्वीकृत दोनच. महानगरपालिकांसाठी ही मर्यादा २०२३ च्या दुरुस्तीनंतर १० टक्के किंवा १०, यातला कमी आकडा अशी झाली.

या जागा पक्ष आणि आघाड्यांच्या संख्याबळानुसार वाटल्या जातात. म्हणजे कोणाच्या वाट्याला किती जागा येणार हे निकालाच्या दिवशीच जवळपास कळतं. नाव कोणाचं जाणार, यावरूनच खरी रस्सीखेच होते.

काय करता येतं, काय नाही?

स्वीकृत सदस्य सभेला बसू शकतो, प्रश्न विचारू शकतो, चर्चेत बोलू शकतो. मत देता येत नाही. अध्यक्ष किंवा एखाद्या समितीचा सभापतीही होता येत नाही.

समजा पाणीपट्टी वाढवण्याच्या ठरावावर समसमान मतं पडली. तेव्हा कोंडी फोडण्याचा अधिकार सभेच्या अध्यक्षस्थानी असलेल्या व्यक्तीच्या निर्णायक मताला असतो. स्वीकृत सदस्य तासभर बोलला तरी त्याचं मत मोजलं जात नाही.

दिल्लीत यावरूनच मोठा वाद झाला होता. नेमलेल्या सदस्यांनी मत द्यायचं की नाही, यावरून महापौरांची निवड तीनदा रखडली. १७ फेब्रुवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नामनिर्देशित सदस्य महापौराच्या निवडणुकीत मत देऊ शकत नाहीत.

इथे एक गल्लत नेहमी होते. राज्यसभेवर राष्ट्रपती १२ सदस्य नेमतात. ते मात्र विधेयकांवर मत देऊ शकतात. बिनमताची अट आहे ती नगरपालिकांमधल्या नामनिर्देशितांना.

असे बिनमताचे सदस्य आणखी कुठे असतात?

सर्वात गाजलेलं उदाहरण चीनचं. तिथल्या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीत पूर्ण सदस्य आणि पर्यायी सदस्य असे दोन प्रकार असतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये निवडलेल्या समितीत २०५ पूर्ण आणि १७१ पर्यायी सदस्य होते. पर्यायी सदस्य बैठकीला येतात, बोलतात, पण मत देत नाहीत.

मोर्शीच्या स्वीकृत सदस्यात आणि त्यांच्यात एक मोठा फरक आहे. चीनमधला पर्यायी सदस्य रांगेत उभा असतो. पूर्ण सदस्याची जागा रिकामी झाली की पर्यायी सदस्यांमधून, मिळालेल्या मतांच्या क्रमाने, ती भरली जाते. १९९७ मध्ये १५१ पर्यायी सदस्य निवडले गेले. त्या यादीत शेवटचं नाव होतं शी जिनपिंग यांचं. २०१२ मध्ये तेच पक्षाचे सरचिटणीस झाले.

आपल्याकडे अशी रांग नाही. नगरसेवकाची जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक होते. स्वीकृत सदस्य आपोआप तिथे बसत नाही. त्याला मत हवं असेल तर लोकांपुढेच जावं लागतं.

मग चुरस कशाला?

कारण मत नसलं तरी वजन असतं. नगरसेवक म्हणून ओळख मिळते, अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडता येतो, पुढच्या निवडणुकीची तयारी होते. म्हणूनच पडलेला उमेदवार, तिकीट न मिळालेला कार्यकर्ता किंवा नाराज गट यांचं 'पुनर्वसन' करायला पक्ष ही जागा वापरतात, अशी टीका कायम होते.

जानेवारी २०२६ मध्ये कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेत तर शाळेतल्या लैंगिक अत्याचार प्रकरणातल्या एका सहआरोपीला भाजपने स्वीकृत सदस्य केलं. राज्यभर संताप उसळला आणि त्याला लगेच राजीनामा द्यावा लागला. निवडून आलेल्या माणसाला मतदार पुढच्या वेळी घरी बसवू शकतात. नेमलेल्या माणसाच्या बाबतीत तो मार्ग नसतो.

तुम्ही काय करू शकता?

तुमच्या गावात स्वीकृत सदस्य कोणत्या ज्ञानाच्या किंवा अनुभवाच्या आधारावर नेमला गेला, हे माहिती अधिकाराखाली विचारता येतं. सभेच्या इतिवृत्ताची प्रतही मागता येते. त्याने पाण्यावर, कचऱ्यावर, हिशेबावर काही मांडलं का, हे त्यातून कळू शकतं. ज्याला मत नाही, त्याचं काम त्याच्या बोलण्यावरूनच मोजायचं असतं.